क्लासिक ३५० पुन्हा रंगवायची आहे: मरून, बाटली-हिरवा की मिलिटरी ग्रीन?

खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० असून तिचा मूळ रंग काळा आहे. टाकीवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उन्हाने पांढरट पडला आहे आणि मागच्या मडगार्डाच्या आतल्या कडेला गंज धरू लागला आहे, म्हणून आता वरवरची डागडुजी न करता सगळे भाग उतरवून गाडी नव्याने रंगवण्याचे ठरवले आहे. तिचे जुन्या धाटणीचे रूप उठून दिसावे, मात्र गाडी लग्नाच्या वरातीतली वाटू नये, इतकीच अपेक्षा आहे.

मनात तीन पर्याय आहेत: पहिला, मरून रंग आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रीम पट्टे, दुसरा, गडद बाटली-हिरवा आणि सोनेरी रेघा, तिसरा, मिलिटरी ग्रीन, तोही मॅट. गाडी इमारतीच्या आवारात उघड्यावर उभी असते आणि समुद्र जवळ असल्याने हवा खारी आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टायगरलॅम्प (पुणे)

तिसरा पर्याय आधी बाजूला ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याची वाहने वगळता इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. रस्त्यावर तशा दिसणाऱ्या गाड्या आहेत हे खरे, परंतु कंपनीने स्वतःच्या छटेत विकलेली आणि आरसीवर त्याच नावाने नोंदलेली गाडी वेगळी, आणि आपण मागाहून रंगवून घेतलेली वेगळी. शिवाय उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मॅट रंग सोयीचा नसतो. त्यावर ओरखडा पडला की पॉलिश करून तो घालवता येत नाही, कारण पॉलिश केलेली जागा तेवढीच चकाकू लागते.

उरलेल्या दोहोंपैकी मी हिरव्याच्या बाजूने आहे. गडद हिरव्या छटांमध्ये बहुधा वापरले जाणारे थॅलोसायनीन रंगद्रव्य उन्हाला अतिशय टिकाऊ असते, तर लाल छटांमधली काही रंगद्रव्ये त्या मानाने लवकर फिकी पडतात. क्रीम रंगाविषयी तर स्पष्टच सांगतो: खाऱ्या हवेत बोल्टांच्या भोवती गंजाचे नारिंगी ओघळ येतात, आणि क्रीमवर ते पहिल्याच पावसाळ्यात दिसू लागतात.

छटा मात्र मोबाईलच्या पडद्यावर किंवा शेडकार्डाच्या सपाट चौकोनावर ठरवू नये. आपल्या टाकीला थेंबासारखा फुगीर आकार आहे; तिच्यावर वरून आकाश उमटते आणि खालून रस्ता, त्यामुळे एकच रंग माथ्यावर उजळ आणि पोटाशी जवळजवळ काळा भासतो. भंगारातले एखादे जुने मडगार्ड मिळवून त्यावर रंगाऱ्याकडून प्रायमर, रंग आणि क्लिअर असे सगळे थर मारून घ्यावेत, आणि तो तुकडा सकाळी, भर दुपारी व रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली पाहावा. ट्यूबलाइटखाली सुरेख दिसणारा बाटली-हिरवा उन्हात पोपटीकडे झुकला, तर ती छटा नको.

कार्ब्युरेटर (कोल्हापूर)

मी थोडे वेगळे मत मांडतो. काळा रंग का सोडायचा? काळ्या एनॅमलवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ ही जुन्या ब्रिटिश गाड्यांची ओळखच आहे, आणि बुलेटच्या टाकीवरची रेघ आजही चेन्नईच्या कारखान्यात हातानेच ओढली जाते. अर्थात, जुने म्हणजे गंभीरच असे मुळीच नव्हते. १९५९ सालची पहिली ट्रायम्फ बॉनव्हिल नारिंगी आणि मोतिया राखाडी अशा जोडरंगात आली होती, आणि त्या काळच्या कित्येक ग्राहकांना ती भडक वाटली. आपल्याकडच्या जुन्या जावाचा मरून तर अजूनही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. पण तो जावाच्या गोलाईला आणि क्रोमच्या पट्ट्यांना शोभतो. बुलेटच्या वंशातल्या गाडीवर तो मला उसना वाटतो.

रंग कोणताही घ्या, सॉलिड घ्या. मेटॅलिक घेऊ नका. टाकीच्या कडेला टवका उडाला तर सॉलिड रंग तेवढ्याच जागी भरता येतो. मेटॅलिकमध्ये धातूचे कण कसे बसतात यावर छटा ठरते, त्यामुळे डाग लपवायचा तर अख्खा भाग पुन्हा मारावा लागतो.

रत्नागिरीच्या हवेत खरा प्रश्न खालच्या थरांचा आहे. पत्रा गंजमुक्त करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला नाही, तर वरचा रंग कितीही उंची असला तरी आतून फोड येतील. टाकीला टू-पॅक पीयूच (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) असावा, म्हणजे सांडलेल्या पेट्रोलने तो मऊ पडत नाही. चासीला पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवणे) चालेल, पण चासी नंबर झाकून घ्यावा, नाहीतर तो जाड थराखाली बुजतो. लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली टाकी मात्र पावडर कोटिंगला देऊ नये. भट्टीत साधारण २०० अंश सेल्सिअस तापमान असते आणि त्यात लांबी टिकत नाही.

आरसीबुक (ठाणे)

वर एक गोष्ट राहिली. आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे रंग बदलल्यास आरटीओत अर्ज करून ती बदलून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. काळ्यावर पुन्हा काळाच दिला तर हा खटाटोप वाचतो. कार्ब्युरेटर यांच्या बाजूने एवढा मुद्दा जमा धरावा.

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे आभार. मिलिटरी ग्रीन आणि क्रीम दोन्ही बाद केले. मडगार्डाच्या तुकड्यावर सॉलिड बाटली-हिरवा मारून पाहणार आहे, आणि तो पटला नाही तर काळा आहेच. चासी काळीच राहील. एक शंका उरते: रेघा तयार स्टिकरच्या घ्याव्यात की हाताने ओढून घ्याव्यात?

कार्ब्युरेटर (कोल्हापूर)

जवळपास जुना साइनबोर्ड पेंटर असेल तर हातानेच. रेघ बेस कोटवर (क्लिअरच्या खालच्या रंगाच्या थरावर) ओढून, पूर्ण सुकल्यावर तिच्यावर क्लिअर मारावा, म्हणजे पुसताना ती झिजत नाही. मात्र त्याचा एनॅमल आणि तुमचा क्लिअर एकमेकांना मानवतात की नाही, हे त्याच मडगार्डावर आधी पाहून घ्या. काही एनॅमल क्लिअरखाली सुरकुततात.