शब्दचर्चा: गेममधल्या 'वेस्टलँड'ला मराठीत काय म्हणावे?

डावखुरा: 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या संगणकावरच्या युद्धखेळाचे नियम मित्रांसाठी मराठीत लिहून काढतोय. जमिनीच्या प्रकारांपैकी गवत, बर्फ, दलदल, वाळू पटापट झाले, 'वेस्टलँड'पाशी अडलोय. शब्दकोशात ओसाड, उजाड, पडीक, वैराण असे सगळेच मिळते. कोणता घेऊ?

मुरमाड: पडीक तेवढा नको. पडीक म्हणजे कसता येईल पण कसलेली नाही अशी जमीन. जी मुळातच पिकत नाही ती सातबाऱ्यावर पोटखराब्यात जाते. पण ऑर्कांची (खेळातल्या राक्षसी योद्ध्यांची) फौज पोटखराब्यातून निघाली असं लिहिलंत तर मित्र नियम सोडून हसत बसतील! ओसाड-उजाडमध्ये आधी वस्ती होती, मग गेली, अशी छटा आहे. गाव ओसाड पडतं, घर उजाड होतं.

रात्रपाळी: ती जमीन खेळात काय काम करते ते आधी बघू या. वेस्टलँड हे नाव दुसऱ्या भागातलं (१९९६). तिसऱ्या भागात (१९९९) तिच्या जागी 'रफ' (खडबडीत) आली. तिसऱ्यात गवतावर एक घर सरळ पुढे जायला चालीचे १०० गुण लागतात, रफवर १२५, वाळू आणि बर्फावर १५०, दलदलीत १७५. मंद फौजेच्या हीरोला, म्हणजे सेनापतीला, दिवसाला १५०० गुण मिळतात असं धरा. गवतावर तो पंधरा घरं जाईल, रफवर बारा, दलदलीत जेमतेम आठ. म्हणजे नकाशा न वाढवता दोन खेळाडूंमधलं अंतर वाढवता येतं. नकाशा बनवणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार हेच, असं माझं मत. आणि मधून दगडी रस्ता काढला की एका घराला ५० गुणच पडतात, मग सगळे त्याच वाटेने येतात आणि लढाई कुठे होणार हे आधीच ठरतं.

पण खरी गंमत पुढे आहे. रफ ही 'स्ट्राँगहोल्ड' या शहरवाल्यांची, म्हणजे गॉब्लिन, ऑर्क, ओगर यांची मायभूमी. तिथे लढताना त्यांचा हल्ला, बचाव आणि वेग प्रत्येकी एकाने वाढतो. फौजेत सगळे तिथलेच असतील तर चालीचा दंडही, म्हणजे १००च्या वरचे गुण, माफ. उलट वाळू कुणाचीच नाही, ती सगळ्यांना सारखीच छळते. तेव्हा वैराण म्हणायचं तर वाळूला म्हणा. जिथे कुणी घरच्यासारखं वावरतं ती जमीन वैराण कशी?

मुरमाड: मग 'बरड' घ्या. खडकाळ, हलकी, फारसं न देणारी. पण माणसं तिथे राहतात, जनावरं चारतात. 'माळरान'ही चालेल, फक्त त्यात गवत डोळ्यासमोर येतं.

शेंदाडशिपाई: बरडला अनुमोदन, पण या एका गेमपुरतं. 'मास्टर ऑफ मॅजिक' या दुसऱ्या गेममध्ये (१९९४) 'केऑस' नावाच्या जादूच्या शाखेतला 'करप्शन' मंत्र टाकला की शत्रूच्या शहराभोवतालची चांगली जमीन निकामी होते, शहराला तिच्यातून काही मिळत नाही. मग पुजारी किंवा शमन (मांत्रिक) पाठवून शुद्ध करून घ्यावी लागते. ती वाट अडवायला नसतेच, शत्रूच्या पोटावर मारायला असते. तिथे बरड म्हणणं चूक. 'नासलेली जमीन' म्हणा.

डावखुरा: पटलं. रफला बरड. पण 'हॉर्न ऑफ द अॅबिस' या चाहत्यांनी केलेल्या तिसऱ्या भागाच्या विस्तारात रफ आहेच, वर वेस्टलँड वेगळी आहे, 'फॅक्टरी' शहराची मायभूमी म्हणून. नारिंगी कडे, तापलेले खडक, काउबॉयच्या सिनेमात असतं तसं सगळं. तिला काय म्हणू?

मुरमाड: 'रखरखीत रान'. लांब वाटलं तर नुसतं 'रखरान'. शब्दकोशात नाही, पण वाचणाऱ्याला कळेल.

रात्रपाळी: रखरान नको, राखरांगोळीचा भाऊ वाटतो. मी तरी 'कातळ' लिहीन. दोन-तीन अक्षरी शब्दच तक्त्याच्या रकान्यात नीट बसतात, आणि बरडशेजारी ठेवला तरी गल्लत होत नाही.

शेंदाडशिपाई: कातळावर एका घराला किती गुण पडतात तेही त्याच रकान्याशेजारी लिहा. खेळताना नाव कुणी वाचत नाही, आकडा वाचतात.