चिनी सणांचं खाणं: तुमचे अनुभव लिहा

घारगे
काल करंज्या तळताना एकीची मुरड तेलात सुटली, सारण सगळं बाहेर. लेक ओरडली, "आई, फुटली!" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "फुटली नाही, जंग-ल म्हणायचं!" ती बघतच राहिली.

2012च्या जानेवारीत आम्ही चीनमध्ये, तिआनजिनला होतो. त्यांच्या वर्षाची शेवटची रात्र, शेजारच्या आयींनी जेवायला बोलावलं. (तिकडे मावशीच्या वयाच्या बाईला आयी म्हणतात. हा शब्द मला शिकावा लागलाच नाही.) टेबलाभोवती सगळं घर ज्याओझ (सारण भरून उकडायच्या छोट्या करंज्याच म्हणा) भरायला बसलेलं. आयी मुठी नसलेल्या लहानशा लाटण्याने पारी लाटत होत्या. डाव्या हाताने पारी गोल फिरवायची, उजव्या तळव्याखाली लाटणं, कड पातळ आणि मध्यभाग जाडसर. अगदी आपली मोदकाची पारी. ज्याओझचा आकार जुन्या काळच्या सोन्याचांदीच्या लगडीसारखा, म्हणजे घरात पैसा येणार. एकात स्वच्छ धुतलेलं नाणं लपवलेलं, ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष भाग्याचं.

उकळत्या पाण्यात एक उघडलाच. मी "अरेरे" म्हणणार तोच आयी म्हणाल्या, "जंग-ल!" म्हणजे उघडला, आणि कमावलं, दोन्ही. सणाच्या दिवशी फुटला म्हणत नाहीत. आपण नाही का बांगडी वाढवली म्हणत, नारळ वाढवला म्हणत? तस्संच. परक्या देशात त्या रात्री मला फार घरच्यासारखं वाटलं.

तुम्ही कुणी चीन, सिंगापूर, हाँगकाँगला सण पाहिलेत? लिहा ना.

ओवा
किती छान! पण आम्ही पक्के शाकाहारी. तिथे खायचं काय?

घारगे
@ओवा, तिआनजिनला तर काळजीच नको. वर्षाच्या पहिल्या दिवशी तिथे मुद्दाम बिनमांसाचेच ज्याओझ करतात. मोड आलेले मूग, कोथिंबीर, टोफू, तिळाची पेस्ट. वर्ष निर्मळ, शांत जावं म्हणून.

भरतीओहोटी
मी कोळीवाड्यातली. हाँगकाँगला ऑफिसच्या जेवणात अख्खा वाफवलेला मासा आला. वरची बाजू संपली तशी उलटायला हात घातला, तर शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी अलगद अडवलं. मासा उलटला की होडी उलटते! काटा उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचं मांस घ्यायचं. माझे बाबा तेव्हा बोटीवर होते. पुढचा घास गिळेना. परत आल्यापासून घरात पापलेटही उलटू देत नाही मी.
मासा म्हणजे 'यू', आणि शिल्लक उरणं म्हणजेही 'यू'. म्हणून थोडा ताटात उरवतातच.

सांजवात
@भरतीओहोटी, बाबा आता घरी असतात ना? काळजी वाटली वाचून.

भरतीओहोटी
हो हो, मजेत. नातवाला जाळं विणायला शिकवतायत.

निळी छत्री
सिंगापूर, त्यांचं नवीन वर्ष. मुळा-गाजराचा कीस, शेंगदाण्याचा कूट, तीळ, प्लमचा सॉस आणि कच्च्या माशाचे काप. सगळ्यांनी उभं राहून चॉपस्टिकने उंच उडवायचं, मोठ्याने शुभेच्छा देत. जितकं उंच तितकी भरभराट. आमच्यासाठी शेजारीण बिनमाशाचं वेगळं ताट करते. कुणाकडे जाताना संत्री दोन न्यायची आणि दोन्ही हातांनी द्यायची. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

अर्धचंद्र
2025ला मूनकेकचा सण (त्यांच्या आठव्या महिन्यातली पौर्णिमा) आणि कोजागिरी एकाच रात्री आले, 6 ऑक्टोबरला! 2024ला त्यांचा 17 सप्टेंबर आणि आपली 16 ऑक्टोबर. अधिक महिना त्यांनी आधी घेतला, आपला 2026च्या ज्येष्ठात, त्यामुळे गाठ पडली. शांघायला गच्चीवर आटीव दूध आणि मूनकेक शेजारी शेजारी ठेवले. कमळाच्या बियांचं सारण, मधे खारवलेल्या अंड्याचा पिवळाजर्द बलक. कापला की चंद्रच. फार जड असतो, छोटे तुकडे करून चहाबरोबर सगळ्यांनी वाटून खायचा.

ओवा
जरा अवांतर. करंजीची मुरड सुटू नये म्हणून काय करता? उद्या करायच्यात, सासूबाई येतायत.

निळी छत्री
@ओवा, कडेला दुधाचं बोट फिरवा, सारण कमी भरा, पारी ओल्या फडक्याखाली ठेवा.

खारवडी
त्यांच्या पाचव्या महिन्यातल्या पंचमीला झोंगझ. चिकट तांदूळ बांबूच्या पानात गुंडाळून दोऱ्याने बांधतात. चू युआन नावाच्या कवीने मीलुओ नदीत जीव दिला, माशांनी त्याच्या देहाला शिवू नये म्हणून लोकांनी नदीत भात सोडला, अशी कथा सांगतात. पान सोडताना जी वाफ येते ना, मला थेट आजीच्या पातोळ्यांपाशी नेते. वास वेगळा, तरीही.
मुंबईकरांनो, माझगावला 1919चं चिनी देऊळ आहे, क्वान कुंग या त्यांच्या युद्धदेवाचं. नवीन वर्षाला जाऊन या.

सांजवात
@घारगे, मुरड शब्द वाचला आणि गौरी आठवल्या. निरोपाच्या दिवशी आजी मुरडीचे कानवले करायची, मुरडून परत ये म्हणून. त्यांच्यात असं काही आहे का हो?

घारगे
अंगावर काटा आला. आहे! निघणाऱ्याला ज्याओझ, आलेल्याला नूडल्स, अशी म्हणच आहे. 2014ला आम्ही कायमचे निघालो, तर पहाटे पाचला आयी दारात डबा घेऊन उभ्या. गरम होता, हाताला चटका बसत होता. टॅक्सीपाशी म्हणाल्या, "आलीस की नूडल्स करीन."
अजून जाणं झालेलं नाही.

ओवा
दुधाने काम झालं! चाळीसात एकही जंग-ल नाही. आता चकलीची भाजणी कुणाची घ्यावी ते सांगा.