मदत हवी आहे: नोकरी गेलीय आणि बँकवाले पॉलिसीसाठी मागे लागलेत

कंपनीने कामावरून कमी केलं, हिशोबाचे पैसे खात्यात जमा झाले आणि लगेच बँकेतल्या मॅडमचे फोन सुरू. 'सर, एवढी रक्कम सेव्हिंगला कशाला पडू देताय?' नोकरी नाही म्हटलं तरी युलिपचा (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीचा) फॉर्म पुढे. अहो, युलिपला ५ वर्षांचा लॉक-इन, म्हणजे तोवर पैसे काढता येत नाहीत, आणि माझं घर सध्या याच पैशांवर चालायचंय! एफडी करायला गेलो तर म्हणे, 'आधी पॉलिसी तर बघा.' टार्गेट त्यांच्याही डोक्यावर असणार, पण सही मी करणार नाही.

बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे ठाऊक आहे. पण गृहकर्जही याच शाखेत आहे. तक्रार केल्यावर कुणाला पुढे त्रास झालाय का? अर्जात नेमकं काय लिहिलंत?