मदत हवी आहे: रतनगडाचं प्रतिबिंब आणि आकाश एकाच फोटोत कसं जमवायचं?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर परत भंडारदऱ्याला जायचं ठरतंय, त्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्यायच्यात म्हणून हा धागा. रतनवाडीकडच्या बॅकवॉटरला पहाटे थांबलं की समोर रतनगड, बाजूला तो खुट्टा नावाचा सुळका, वर गुलाबी झालेले ढग आणि तेच सगळं पाण्यात उलटं दिसतं. डोळ्यांना दोन्ही एकदम दिसतं, पण फोटोत ढग धरले की पाणी काळंकुट्ट होतं आणि पाणी धरलं की आकाश पांढरंफटक.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स, ट्रायपॉड आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर) आहे. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाईल) काढते, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सचं छिद्र बारीक). मोबाईलवर काढला तर तो आपोआप सगळं उजळून देतो पण ते मला अजिबात आवडत नाही, पाणी आणि आकाश इतकं सारखं दिसतं की कुठलं खरं आणि कुठलं प्रतिबिंब तेच कळत नाही, पहाटेची पहाट राहतच नाही त्यात.

तर ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक) घ्यावा का, आणि घेतला तर किती स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट)? पोलरायझर फिरवला की ढग छान उठून दिसतात पण पाण्यातले ढग गायब होऊन तळाचे गोटे दिसायला लागतात, त्याचं काय करायचं? आणि फोकस नक्की कुठे ठेवायचा, किनाऱ्याच्या दगडांवर, पाण्यावर की गडावर? ऊन वर आलं की वारा सुटतो आणि पाणी हलायला लागतं, त्यावर एनडी फिल्टरचा (सगळा उजेड सारखा कमी करून जास्त वेळ एक्स्पोजर देऊ देणारा) काही उपयोग होतो का? जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा, हा एक फोटो मला मनापासून हवाय.

प्रतिसाद १

पाणी आकाशापेक्षा काळं दिसणं हे बरोबरच आहे हो. पाण्यावर पडलेला सगळा उजेड परत येत नाही, बराचसा आत जातो, त्यामुळे प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा साधारण एक-दोन स्टॉप कमीच असतं. आणि पायाशी, जिथे आपण वाकून खाली बघतो, तिथे तर फारच कमी परावर्तन होतं. म्हणून पहिलं काम, ट्रायपॉड खाली घ्या. कॅमेरा पाण्यापासून फूट-दीड फुटावर आणला की नजर पाण्याला तिरपी लागते आणि प्रतिबिंब आपोआप उजळ होतं, एक पैसा खर्च न करता.

फिल्टर घेणार असाल तर दोन स्टॉपचा सॉफ्ट (गडदपणा हळूहळू कमी होणारा) घ्या. तीनचा लावला की पाणी आकाशापेक्षा उजळ होतं आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी चुकतंय हे लगेच जाणवतं. हार्ड (गडदपणा एकदम संपणारा) तर नकोच, त्याची कड डोंगरावर काळ्या पट्ट्यासारखी उमटते. नाहीतर सरळ ब्रॅकेटिंग करा (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो काढून नंतर जोडायचे), तुमच्या कॅमेऱ्यात तीन फोटोंचं आहे, उणे दोन, शून्य, अधिक दोन स्टॉप. जोडताना मात्र पाणी एकाच फोटोतलं घ्या, तीन वेगळ्या लाटा एकत्र आल्या की नुसता गिचका होतो.

प्रतिसाद २

पोलरायझरबद्दल सांगतो. पाण्याकडे साधारण ३७ अंशाने खाली बघितलं तर तो प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण पुसू शकतो, तुम्हाला गोटे दिसतात ते त्यामुळेच. तो फिरवताना आकाशाकडे बघूच नका, पाण्याकडे बघत फिरवा आणि प्रतिबिंब सगळ्यात भरीव दिसेल तिथे थांबा. शिवाय लेन्स १८ एमएमवर असताना आकाश एका बाजूला गडद निळं आणि दुसरीकडे फिकं होतं, ते नंतर दुरुस्त करणं म्हणजे डोक्याला ताप. पहाटेच्या कमी उजेडात तसाही तो दीड-दोन स्टॉप खातो, मी तर काढूनच ठेवतो.

फोकस पाण्यावर अजिबात नको. प्रतिबिंबातला गड खऱ्या गडाइतकाच लांब असतो. दगड पण हवे असतील तर १८ एमएम, एफ ११ ला मॅन्युअलवर दोन मीटरच्या आसपास फोकस ठेवा, मीटरभरापासून गडापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येईल.

एक अजून, फोटो सरळ आहे का ते किनाऱ्याच्या रेषेवरून ठरवू नका, किनारा वळत जातो त्यामुळे तो तिरका दिसणारच. खुट्ट्याचं टोक आणि पाण्यातलं त्याचं टोक एकाच उभ्या रेषेत आलं पाहिजे, तसं आलं की फोटो सरळ.

प्रतिसाद ३

एनडीने आरसा मिळत नाही ताई. ३० सेकंद एक्स्पोजर दिलं तर लाटा पुसल्या जातात पण गडाची कड पण विरघळते, फक्त रंग उरतात. ते वेगळं चित्र, तेही छान असतं. आरसाच हवा असेल तर उजाडायच्या आधी अर्धा तास तिथे हजर राहा. वारा सुटलाच तर मोठ्या पाण्याचा नाद सोडून दगडांमधे अडकलेलं उथळ पाणी शोधा, ते बऱ्याचदा स्थिर असतं. आणि व्हाईट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, डेलाईटवर ठेवा म्हणजे गुलाबी रंग स्क्रीनवर तसाच दिसेल.

धागाकर्ती

खूप खूप आभार सगळ्यांचे! खुट्ट्याची उभी रेषा हे तर कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि कॅमेरा एवढा खाली घ्यायचा हेही. फिल्टरचा खर्च सध्या थांबवते, ब्रॅकेटिंगच करेन. शेवटचं एक विचारते, घरी आल्यावर लाईटरूममधे (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) पाणी किती उजळायचं?

प्रतिसाद १

आकाशापेक्षा अर्धा ते एक स्टॉप कमी राहील इतपतच. आणि गडाच्या सावलीतला भाग फार उचलू नका, १५००डीमधे तिथे नॉइज (दाणेदारपणा) पटकन वर येतो. फोटो इथे टाका नक्की, रॉ पण ठेवा जपून.