प्रतिसाद: खासगी म्हणजे डिग्री नावालाच?

वर 'खासगी कॉलेज म्हणजे डिग्री नावालाच' असं लिहिलंय, ते पॅरिसच्या एस्म या खासगी इंजिनियरिंग कॉलेजच्या बाबतीत काही पटलं नाही. जोआकिम स्युद्रियांनी १९०५ साली इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलसाठीच काढलेलं कॉलेज आहे ते, कालपरवाचं दुकान नव्हे. आणि तिकडे इंजिनियरची अधिकृत पदवी द्यायची तर सीटीआय नावाच्या आयोगातून जावंच लागतं, १९३४ पासून कायदाच आहे तसा, सरकारी असो की खासगी, आणि ती मान्यता एकदा मिळाली की कायमची असंही नाही, ठरावीक वर्षांनी परत तपासणी होते.

काळजी करायचीच तर फीची करा! हेच विषय हवे असतील तर फ्रान्समधल्याच नान्सी शहरातलं एन्सेम कॉलेज सरकारी आहे, फी बरीच कमी, फक्त तिथे बहुतेक पोरं दोन वर्षं प्रेपा, म्हणजे बारावीनंतरचा एन्ट्रन्सच्या तयारीचा कोर्स, घासून मग एन्ट्रन्सने येतात, एस्मला मात्र बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कोर्स आहे.