६५ सोडून २०० किलोहर्ट्झवर जायची हौस कशाला?

अंबडकर: दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतल्या ठिबक कंट्रोलरसाठी २४ व्होल्टचा फ्लायबॅक सप्लाय (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून मग पुढे सोडणारा) बनवतोय. पेटी बंद, दिवसभर उन्हात, फवारणीमुळे पंख्याचीही सोय नाही. भागीदार म्हणतो, स्विचिंगची फ्रिक्वेन्सी ६५ किलोहर्ट्झवरून २०० वर नेऊ, ट्रान्सफॉर्मर लहान होईल. मॉस्फेट, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा स्विच, तापलाच तर दुसरा पॅरललला टाकू. माझ्या मते दोन्ही चूक. मॉस्फेट बंद असताना त्याचा आउटपुट कपॅसिटन्स (चार्ज साठवायची जागा) भरतो आणि चालू होताना तो साठा त्याच्याच पोटात जळतो. अर्धा गुणिले कपॅसिटन्स, गुणिले व्होल्टेजचा वर्ग, गुणिले फ्रिक्वेन्सी. २०० पिकोफॅरड आणि ३२५ व्होल्ट धरा: ६५ वर ०.७ वॉट, २०० वर २.१. उलट १ अँपिअर करंट मॉस्फेटच्या ०.४ ओहम रेझिस्टन्समधून गेला की जळतात फक्त ०.४ वॉट. दुसरा मॉस्फेट लावला की रेझिस्टन्स निम्मा, पण कपॅसिटन्स दुप्पट. म्हणजे २०० वर वाचणार ०.२ आणि वाढणार २.१! नुसता रेझिस्टन्स बघून मोठा मॉस्फेट आणायचा आणि मग तापतो का म्हणून डोकं खाजवायचं.

सातपूरचा वाइंडर: पॅरललचं पटलं. पण फ्रिक्वेन्सीला शिव्या का, राव? ट्रान्सफॉर्मर रिकामा झाला की ड्रेनचं, म्हणजे मॉस्फेटच्या ट्रान्सफॉर्मरकडच्या टोकाचं, व्होल्टेज हेलकावे खातं. ते तळाला असताना मॉस्फेट चालू कर. ३२५ ऐवजी २२५ ला चालू झाला तरी हा लॉस निम्म्यावर येतो.

गोदाकाठ: नेमका निम्म्यावर नाही. व्होल्टेज उतरलं की हा कपॅसिटन्स फुगतो. आणि अंबडकर, तुझे २०० कुठल्या व्होल्टेजचे? डेटाशीटमधला २५ व्होल्टचा आकडा उचलला असशील तर सगळं गणित बाद.

अंबडकर: एनर्जीवरून काढलेल्या ओळीतलाच घेतलाय. वाइंडरभाऊ, तुमच्या वाइंडिंगचा कपॅसिटन्सही तिथेच जळतो, तो तर मी धरलेलाच नाही.

गोदाकाठ: नॉइजच्या टेस्टचं, म्हणजे सप्लाय वायरींत किती इलेक्ट्रिकल गोंगाट सोडतो त्याचं, कोणीच बोलत नाही. ती मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. ६५ ची दुप्पट १३०, तीही त्याखालीच, म्हणून ६५ वापरतात. २०० वर मूळ फ्रिक्वेन्सीच पकडली जाणार. ट्रान्सफॉर्मरमध्ये वाचवलेली जागा नॉइज अडवणारा फिल्टर खाईल.

सातपूरचा वाइंडर: सगळी नाही खात. सिलिकॉनच्या मॉस्फेटऐवजी गॅलियम नायट्राइडचा स्विच लावून बघा, कपॅसिटन्स कितीतरी कमी.

अंबडकर: लावतो. भाव भागीदाराला तुम्ही सांगा.