अकरावीला सामाजीकरण शिकवताना वर्गात काय करून घ्यावं?

सिंधुदुर्ग_समाजशास्त्र
वर्गात ६० मुलं, तास ४० मिनिटांचा. सामाजीकरणाची, म्हणजे समाजात वावरताना वागा-बोलायला शिकण्याची, व्याख्या पाठ होते. कुटुंब, मित्र, शाळा, प्रसारमाध्यमं ही यादीही येते. पण मुलांचं 'माझा स्वभाव मुळातच तापट' हे काही सुटत नाही. काय घ्यावं?

माका_मला
भाषेपासून सुरू करा. 'मला माहीत नाही' हे एकच वाक्य आजीशी, मित्रांत, वर्गात आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्यांसमोर कसं म्हणता, ते नाव न घालता लिहायला सांगा. पाच मिनिटं पुरतात. घरी 'माका म्हायत नाय' म्हणणारं पोर वर्गात वेगळं बोलतं. हे शिकवलं कोणी? सहसा मुद्दाम कोणीच नाही. कधीतरी कोणीतरी हसलेलं असतं. तिथेच समाजशास्त्रज्ञ कूलीचा १९०२ मधला 'आरशातला मी' फळ्यावर घ्या: मी समोरच्याला कसा दिसतो, तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल, आणि त्यातून मला वाटणारा अभिमान किंवा लाज. मालवणीला चुकूनही 'अशुद्ध' म्हणू नका. म्हटलंत, तर पुढच्या सगळ्या चिठ्ठ्या पुस्तकी मराठीत येतील.

तांडेल४५
या वयात मित्रांचं वजन जास्त, म्हणून मानसशास्त्रज्ञ ॲशचा १९५१ चा रेघांचा प्रयोग सांगा: कोणती रेघ दाखवलेल्या रेघेएवढी आहे ते गटात मोठ्याने सांगायचं, आणि एक जण सोडून बाकीचे सगळे प्रयोग करणाऱ्याला सामील. १८ फेऱ्या, त्यांतल्या १२ मध्ये बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. सुमारे तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटामागे गेले. हा एकच आकडा सांगितला की मुलं 'माणूस म्हणजे मेंढरू' लिहून मोकळी होतात. त्या १२ फेऱ्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश उत्तरं बरोबर होती, आणि एक जरी सोबती खरं बोलला तरी दबाव एकदम उतरायचा. हेही सांगायलाच हवं.

एका मुलाला फसवून हा प्रयोग करू नका, त्याला महिनाभर चिडवतात. त्याऐवजी विचारा: 'मुलगा बाजारात मासळी विकायला बसला तर चालेल?' आधी गुप्त चिठ्ठी, मग हात वर. क्रम उलटा नको. हात वर केलेलं मूल चिठ्ठीतही तेच लिहितं. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी मांडा आणि फरक पडला तर तो का, यावर बोलू द्या. मग रापणीचे (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे) दोर बहुतेक पुरुषांच्या हातात आणि बाजारातली पाटी बायकांपुढे का, हा प्रश्न मुलंच काढतात.

माका_मला
तापटपणाबद्दल: 'सगळं शिकलेलंच' असं सांगू नका, ते खरं नाही. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. तान्ह्या बाळांतही स्वभावाचा कल वेगवेगळा दिसला, आणि पुढे काय होतं ते तो कल घराच्या वागण्याशी किती जुळतो यावर बरंच अवलंबून होतं. त्या मुलाला एवढंच विचारा: धाकट्या भावावर ओरडतोस, तसा होडीवर तांडेलावर, म्हणजे होडीच्या म्होरक्यावर, ओरडशील का?

सिंधुदुर्ग_समाजशास्त्र
'घरी कोण काय काम करतं' असा तक्ता गृहपाठाला दिला तर?

तांडेल४५
नको. कुणाचे वडील मुंबईला, कुणाचे घरीच नाहीत. तक्ता भरताना ते उघडं पडतं. 'आपल्या वाडीत' असं विचारा.